मारधाडपट आणि फियाट मेकॅनिक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या कमी पैशांतल्या मारधाडपटांवर लेख होता. असले सिनेमे बघणाऱ्याला रक्ताची चटक लागलेली असते, असा त्याचा एकूण रोख. मी ते बघतो. वय 67, शुगर आहे, आणि रक्त काढायला लॅबचा पोरगा घरी आला की मी तोंड भिंतीकडे फिरवतो. तेव्हा जरा माझंही ऐका.

चाळीस वर्षं मी फियाट दुरुस्त केल्या. टाळेबंदीत नातवानं सत्तरच्या दशकातला एक इटालियन पोलीसपट लावून दिला. कोण कोणाला का मारतोय ते मला अर्धा तास कळलं नाही, कारण माझं लक्ष फूटपाथला लागलेल्या गाड्यांकडे होतं. फियाट 1100! आपल्या प्रीमियर पद्मिनीची सख्खी आई. जरा पुढं फियाट 124, जिची बॉडी इकडे 1985 साली 118 एनई म्हणून आली, आत निस्सानचं इंजिन घालून. परक्या देशात माझी गिऱ्हाइकं उभी असलेली बघून मी मोठ्यानं ओरडलो. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली.

मग पाठलाग सुरू झाला. पोलिसांची अल्फा रोमिओ जुलिया वळणावर आली, मागचं चाक आत दबलं, बॉडी एका अंगाला झुकली आणि व्हीलकॅप सुटून गटाराकडे घरंगळत गेली. पुढच्या शॉटमध्ये व्हीलकॅप परत जागेवर! नातू हसला. मी नाही हसलो. तिथं गाडी खरीच पळत होती, आणि एवढ्याशा चुकीपायी तो शॉट पुन्हा घ्यायला कोणाकडे पैसे नव्हते, हे त्या व्हीलकॅपनं सांगितलं.

या चित्रपटांची गोडी तिथं आहे. पैसे नसल्यामुळे जे करायचं ते खरं करावं लागायचं. पुष्कळदा परवानगी न काढता भर रस्त्यात शूटिंग उरकायचे, त्यामुळे दचकून मागं सरणारा म्हातारा बऱ्याचदा खरोखरच दचकलेला असतो. आवाज तर सगळा मागाहून भरलेला. नट आपापल्या भाषेत बोलायचे, नंतर डबिंग. म्हणून ठोसा बसला की गादी झोडपल्यासारखा आवाज येतो आणि मातीच्या रस्त्यावरही टायर किंचाळतात. मातीत टायर किंचाळत नाही हो! पण चालतं.

आता हिंसेबद्दल. ती भरपूर आहे, नाकारत नाही. पण ती आकाशातून पडली नव्हती. 12 डिसेंबर 1969 ला मिलानच्या पियाझ्झा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला आणि 17 माणसं गेली. त्यानंतरची दहाएक वर्षं इटलीत बॉम्ब, अपहरणं, खून यांची होती. 1978 मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं प्रेत रोममध्ये सापडलं ते एका लाल रेनो 4 च्या डिकीत. पेपरातले ते फोटो ज्यांनी पाहिले, तेच लोक तिकीट काढून थिएटरात बसत होते. दिग्दर्शक एन्झो कास्तेल्लारीच्या 1974 च्या एका चित्रपटात फ्रांको नेरो साधा इंजिनिअर आहे. पोस्टात पैसे भरायला जातो, दरोडा पडतो, गुंड त्याला ओलीस नेऊन बेदम मारतात. पुढं तो स्वतःच सूड घ्यायला निघतो. त्या पहिल्या मारात नायकाचा रुबाब कुठंच नाही. माणूस नुसता मार खातो, आणि आपल्याला तो पोटात लागतो.

एक मात्र कबूल करतो. यातल्या बायकांना बहुतेक वेळा कपडे काढण्यापलीकडे काम नसतं. आणि कायदा गुंडाळून ठेवून संशयिताच्या कानाखाली वाजवणारा पोलीस कमिशनर हा नायक! आपल्याकडे एन्काउंटरला टाळ्या वाजवणारे काय कमी आहेत? लेखकानं यावर झोडपलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. त्यांनी मोजलं काय, तर रक्ताचे फवारे.

हल्लीचंही सांगतो. 2020 चा एक फ्रेंच सिनेमा, 'लॉस्ट बुलेट'. दिग्दर्शक गियोम पिएरे, त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. नायक मेकॅनिक! सगळी भानगड एका जुन्या रेनो 21 च्या डॅशबोर्डात रुतलेल्या गोळीवरून. खुनाचा तोच एकमेव पुरावा, म्हणून ती गाडी शोधायची आणि भंगारात जाऊ द्यायची नाही. कोर्टकचेरीत अडकलेल्या गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात सडताना ज्यानं पाहिल्यात, त्याला यातली धास्ती वेगळी समजावून सांगायला नको. सुरुवातीला हा पठ्ठ्या मजबूत केलेली छोटी क्लिओ घेऊन दागिन्यांच्या दुकानात घुसतो तो भिंतीमागून भिंत फोडत जातो. गाडी नको इतकी मजबूत झाली, ही चूक फक्त चांगला मेकॅनिकच करू शकतो.

आणि फिनलंडचा 'सिसु', 2022 चा, यालमारी हेलांडरचा. खर्च सुमारे 60 लाख युरो. त्याच सुमारास आलेल्या हॉलिवूडच्या 'जॉन विक' या मारधाडपटाच्या चौथ्या भागाला म्हणे 10 कोटी डॉलर लागले. इथं नायक योर्मा तोम्मिला हा दिग्दर्शकाचा मेहुणा, आणि तोम्मिलाचा मुलगाही चित्रपटात आहे. घरचंच कार्य! काळ 1944 चा, माघार घेणारे जर्मन फिनलंडच्या उत्तरेकडचा लॅपलंड भाग जाळत निघालेले. रोवानिएमी शहर त्यांनी खरंच जाळलं होतं. त्यात सोनं सापडलेला एकटा म्हातारा. पाण्याखाली दडून बसलेला असताना तो एका सैनिकाचा गळा चिरतो आणि त्या गळ्यातून निघणारे हवेचे बुडबुडे ओढून श्वास घेतो. किळसवाणं आहे, मान्य. पण आधी मी तोंड वाकडं केलं आणि मग मनात आलं, काय डोकं चालवलंय! दुसरं काही हाताशी नसताना जे आहे त्यावर काम भागवायचं. क्लच केबल तुटल्यावर घाटात आम्ही हेच करायचो, गळा न चिरता.

सौ.चं म्हणाल तर सुरुंगावर म्हाताऱ्याचा घोडा मेला तेव्हा ती तरातरा उठून गेली. माणसं मरत होती तोवर वाटाणे सोलत बसली होती. मी आत जाऊन सांगितलं की त्याचं कुत्रं शेवटपर्यंत जगतं. मग वाटाण्यांची परात घेऊन परत येऊन बसली.

आपला नम्र,
एक निवृत्त फियाट मेकॅनिक,
लालबाग, मुंबई