विहिरीत चार आणे हिस्सा चालतो, मग विमानात का नाही?

मा. मुरलीधर मोहोळ साहेब, राज्यमंत्री, सहकार आणि नागरी विमान वाहतूक, यांना पलूस तालुक्यातनं नमस्कार.

अण्णा, पत्र तुम्हालाच लिहायचं कारण तुमच्याकडची दोन खाती. सहकार पण तुमच्याकडं आणि विमानं पण तुमच्याकडं, असा योग परत कधी जुळून येईल सांगता येत नाही, म्हणून म्हणलं आत्ताच लिहून टाकावं.

मी गेल्या वर्षी पीपीएल काढलं, प्रायव्हेट पायलट लायसन्स. एअरलाइनमध्ये वगैरे जायचं नाही, घरची द्राक्षबाग आहे ती बघायचीय, पण लहानपणापासून नाद होता तो होता. कमीत कमी ४० तास लागतात, मला ५३ लागले (लँडिंगला विमान बेडकासारखं उड्या मारायचं, असो). लायसन्स हातात आलं, पेढे वाटले, आणि चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की आता उडवायचं काय? शिकताना स्कूलचं विमान असतं, शिकून झालं की ते पुढच्या पोरांना लागतं, आपण फोन केला की "बघू, स्लॉट असला तर कळवतो". आणि हे पोहण्यासारखं नाही, की एकदा आलं की आलं. दोन महिने नाही उडालं की फायनलला, म्हणजे उतरायला धावपट्टीकडं सरळ येताना, स्पीड किती धरायचा तेच आठवत नाही, रेडिओवर बोलताना जीभ अडखळते. नवीन पायलटला सगळ्यात जास्त धोका इथंच आहे असं माझं मत.

तर आम्ही चौघं जमलो. एक सांगलीचे डेंटिस्ट, एकाचं कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप, एक कराडचे रिटायर्ड इंजिनियर ज्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं, आणि मी. एक जुनं सेसना १५२ बघितलंय. दोन सीटचं, हे मॉडेल १९८५ ला बंद झालं म्हणजे विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं. तासाला वीस-बावीस लिटर ऍव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, खातं. तो ऍव्हगॅस पण पंपावर मिळत नाही, बॅरलनं आणायचा.

आता हिशोब बघा. विमानाचा खरा खर्च उडण्यात नाहीच, उभं राहण्यात आहे. हँगरचं भाडं, विमा, दरवर्षीची तपासणी, हे तुम्ही १० तास उडा नाहीतर १०० तास, सुटत नाही. त्यात इंजिनाची गंमत अजून वेगळी, इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी म्हणते दोन-अडीच हजार तासांनी ओव्हरहॉल करा, किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल ते. एकटा माणूस वर्षाला २५ तास उडाला तर १२ वर्षात ३०० तास, आणि इंजिन खोलायची वेळ आलीच, बाकीचे तास वाया. आणि न वापरलेलं इंजिन आतनं गंजतं, कॅमशाफ्टला खड्डे पडतात, उसाचा हंगाम संपल्यावर शेडमध्ये तसाच टाकलेला ट्रॅक्टर बघा पुढच्या वर्षी कसा रडतो तसं. चौघं मिळून १०० तास उडवलं तर खर्च चार ठिकाणी वाटला जातो आणि इंजिनाची तब्येत पण चांगली राहते. प्रत्येक तासामागं ठराविक रक्कम इंजिन फंडात, पेट्रोल ज्याचं त्यानं, उभा खर्च चार भागात. संपलं.

ही काय नवीन कल्पना आहे का अण्णा? आमच्या विहिरीचा सातबारा काढून बघा, आजोबांचे चार आणे, चुलत आजोबांचे आठ आणे, शेजारच्यांचे चार आणे. पाण्याची पाळी ठरलेली, सोमवार-मंगळवार आमचा, लाइटबिल वापराप्रमाणं, मोटर जळाली तर ज्याच्या पाळीत जळाली त्यानं बघायचं का सगळ्यांनी, यावर भावकीत दोन पिढ्या भांडणं झाली पण विहीर अजून चालू आहे. म्हणून आम्ही आधीच पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून ठेवलंय, कुणाच्या हातनं प्रॉपेलर वाकला तर विम्याच्या वरचे पैसे कुणी भरायचे, एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर हिस्सा आधी बाकीच्या तिघांना विचारायचा, आणि दिवाळीची सुट्टी दरवर्षी आळीपाळीनं. शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

अडलंय कुठं, तर कागदावर. चौघांच्या नावानं नोंदणी, त्यातला एकजण उडवताना बाकीच्यांनी दिलेला पैसा म्हणजे खर्चाची वाटणी का भाडं, याची एका ऑफिसात दोन टेबलांवर दोन उत्तरं मिळाली, तिसऱ्या टेबलावर चहा मिळाला. आणि हे भाडं धरलं तर आम्ही सगळे घरी, कारण पीपीएलवाल्याला पैसे घेऊन माणूस नेता येत नाही, ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्लंडमध्ये २० जणांपर्यंत एक विमान वाटून घेता येतं, प्रत्येकाचा कमीत कमी ५ टक्के हिस्सा पाहिजे एवढंच. अमेरिकेत नियम सरळ लिहिलाय की पायलटनं पेट्रोल, ऑइल, विमानतळाचा खर्च यात स्वतःच्या वाट्याएवढं तरी भरलंच पाहिजे, बाकीचं सोबतच्यांकडनं घेतलं तर चालतं. एवढ्या दोन ओळी आपल्याकडं पण लिहा. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तेवढ्यात हे पण बसवता येईल की.

सहकारी संस्था काढा म्हणाल तर तो पण विचार केला. दहा सभासद लागतात, तेही वेगवेगळ्या घरातले. आम्हाला चौथा मिळायला आठ महिने लागले! छोट्या विमान गटासाठी ही अट चार-पाचवर आणता येईल का तेवढं बघा. आणि जीएसटी तुमच्या हातात नाही हे माहितीय, पण खाजगी वापराचं विमान ४० टक्क्यांत टाकलंय, रिव्हॉल्वर आणि यॉटच्या शेजारी. चाळीस वर्षं जुन्या दोन सीटच्या विमानाला यॉट म्हणणाऱ्यानं एकदा त्याच्या सीटवर बसून बघावं, गुडघे कानाला लागतात.

शेवटचं कराडचं. कोयना धरणाच्या कामासाठी झालेली धावपट्टी आहे, तिथं आमच्यासारख्या छोट्या विमानाला रीतसर दरानं वर्षभराची जागा मिळाली तर कुठं लांब जायला नको. आमच्याकडं सांगलीजवळ कवलापूरची पण धावपट्टी होती, ती बंद पडली ते तुम्ही जाणता.

विमानाच्या मालकाला इसार द्यायची मुदत दसऱ्यापर्यंत वाढवून घेतलीय, पुढं तो थांबणार नाही म्हणलाय. उत्तर एका पानाचं असलं तरी चालेल, फक्त कुठल्याही टेबलावर दाखवलं तरी त्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे.

आपला,
चार आण्याचा एक (होऊ घातलेला) मालक
पलूस, जि. सांगली