दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढलेल्या माणसाला एक इंजेक्शन वेळेवर मिळत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्याला राहते, माझे मिस्टर तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होते. गेल्या आठवड्यात रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या, बीपी खाली गेलं, रिक्षात घालून जवळच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं. नाव लिहीत नाही, उद्या परत तिथेच जायचंय. मी दारातनंच सांगत होते की यांच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल काढल्यात, म्हणजे दोन्ही किडन्यांवरच्या ग्रंथी, आधी हायड्रोकॉर्टिसोनचं स्टिरॉइड इंजेक्शन १०० मिलिग्रॅम द्या, सलाईन लावा, मग काय विचारायचं ते विचारा. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी पण दाखवली. तर म्हणे रिपोर्ट येऊ द्या, स्टिरॉइड असं कुणालाही देत नाहीत. आणि शेजारच्या बेडवर दम्याच्या पेशंटला तेच इंजेक्शन चाललेलं! माझा माणूस डोळे फिरवतोय आणि मला विचारतायत, तुम्ही नर्स आहात का.

शेवटी दिलं, वाचले. पण कुणाच्या कृपेने वाचले ते मला माहिती आहे, तुमच्या खात्याच्या नाही.

साहेब, यांना आधी किडनीचा कॅन्सर झाला, तेव्हा उजवी किडनी आणि तिच्यावरची ग्रंथी दोन्ही गेली. काही वर्षांनी डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ दिसली. किडनीचा, फुप्फुसाचा कॅन्सर तिथे जाऊन बसतो. सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा पेट (PET) स्कॅन केला, बाकी अंगात कुठेच नाही. डॉक्टर बोलले, एकाच जागी आहे, काढली तर माणसाला वर्षं मिळू शकतात. फक्त पुढे शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे जगायला लागणारं हार्मोन, बनणारच नाही, मरेपर्यंत रोज हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. ताप आला की डोस वाढवायचा, उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही की लगेच इंजेक्शन, नाहीतर काही तासांत माणूस जातो. हे मला बारावी नापास बाईला पाठ झालंय, तुमच्या कॅज्युअल्टीला नाही.

आणि ऑपरेशनचं काय झालं ते पण ऐका. २०२३ ला तुमच्या सरकारने छाती फुगवून सांगितलं, महात्मा फुले योजनेत मोफत उपचाराचे दीड लाखाचे पाच लाख, सगळ्या रेशनकार्डांना. होर्डिंग ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत. आम्ही हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर बसलो तर मंजुरीऐवजी क्वेरी आली, पेशंट स्टेज फोर आहे, म्हणजे कॅन्सर पसरलेला, ऑपरेशनची गरज काय? उत्तर दिलं, परत क्वेरी. गाठ थांबते का हो तुमच्या क्वेरीसाठी? पतपेढीचं कर्ज काढलं, दागिने गहाण टाकले, तीन लाखाच्या वर गेले. मुलीचं कॉलेज त्या वर्षी बंद पडलं ते अजून बंदच आहे, आणि रात्री ती मला विचारत पण नाही कधी सुरू होईल.

आता गोळ्या. फ्लुड्रोकॉर्टिसोनसाठी अख्खं वाशी पालथं घालते मी, केमिस्ट म्हणतो मागवावी लागेल, चार दिवसांनी या. चार दिवस! जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत या दोन्ही गोळ्या, आणि आमच्या सरकारी फार्मसीची खिडकी म्हणते स्टॉक नाही.

ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत साहेब, सहा. टॅक्स सहाही घेतात. तरी कॅन्सर म्हटलं की परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं आणि फुटपाथवर पथारी टाकायची, नाहीतर टाटाच्याच खारघरला नंबर लावायचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या पालिका हॉस्पिटलात चोवीस तासांत १८ पेशंट गेले, समिती बसली, पुढे? आरोग्य खातं वेगळं, वैद्यकीय शिक्षण खातं वेगळं, पालिका वेगळी, कुणालाही विचारा तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गरीब माणसाचा जीव नेमका कोणत्या खात्यात येतो ते एकदा सांगा. मत मागायला येता तेव्हा तर सगळी खाती एकाच गाडीतून येतात.

मला मदतनिधी नको, फोटो नको. अ‍ॅड्रिनल काढलेल्या पेशंटला सरकारी कार्ड द्या, कार्ड दाखवलं की रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन द्यायचं असा लेखी आदेश काढा. पन्नास-साठ रुपयाचं इंजेक्शन आहे, तुमच्याच कपाटात पडलेलं असतं. गोळ्या प्रत्येक जिल्ह्यात ठेवा. योजनेची क्वेरी कॅन्सरच्या पेशंटला किती दिवसांत मिटवणार ते जाहीर करा.

"आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे" हे उत्तर पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच आलंय. आदेश काढा आणि तो त्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवर पुढच्या उलटीच्या आधी लावा.

एका माथाडी कामगाराची बायको,
कोपरखैरणे, नवी मुंबई