गिऱ्हाइकाचा नंबर कोणाच्या मालकीचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीने शहरातील एका कापड दुकानातून दोन साड्या घेतल्या. बिल करताना गल्ल्यावरच्या मुलाने ‘नंबर सांगा’ म्हटले आणि तिने तो सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतल्याचे तिच्या लक्षात आले. त्यात तिच्यासारख्या सहाशेहून अधिक गिऱ्हाइकांचे क्रमांक होते, आणि प्रत्येकीचा क्रमांक, अनेकींचा फोटोसुद्धा, बाकी सगळ्यांपुढे उघडा पडलेला होता. चौथ्या रात्री साडेदहाला ‘जेवण झालं का ताई’ असा अनोळखी माणसाचा संदेश आला. तिने तो क्रमांक ब्लॉक केला, तर दुसऱ्या क्रमांकावरून तोच मजकूर. मी दुकानात सांगायला गेलो तेव्हा मालक चक्रावूनच गेला. ‘काका, ऑफर कळावी म्हणून घेतलं हो त्यांना. त्यात काय बिघडलं?’

त्याचे चक्रावणे खोटे नव्हते, म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

दुकानदार ग्रुप का काढतो, याचे कारण साधे आहे. व्हॉट्सॲपवर एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीची सोय आहे आणि तीत गिऱ्हाइकांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. परंतु एका यादीत 256 नावेच बसतात, आणि ज्याने दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. एकदा साडी घेऊन गेलेली बाई दुकानाचा नंबर कशाला जपून ठेवील? ग्रुपला ही अडचण नाही. हजारावर माणसे त्यात मावतात आणि कोणाला विचारावेही लागत नाही. दुकानदाराची सोय ही अशी गिऱ्हाइकाच्या अंगावर येते. (आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे ठरवण्याची सोय फोनमधील व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘ग्रुप्स’ येथे आहे. तेथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडले, की अनोळखी माणसाला परस्पर घेता येत नाही. बहिणीच्या फोनवर मी ते त्याच दिवशी करून दिले.)

हे लिहिताना मी धुतल्या तांदळासारखा आहे, असे मात्र नाही. शहराच्या पूर्व भागात माझा टॉवेल-चादरीचा व्यापार आहे. पुण्या-हैदराबादच्या प्रदर्शनांत आमच्या गाळ्यावर एक वही ठेवलेली असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून तीत नाव व क्रमांक लिहून घेतला जाई. पुढे मुलाने ती सगळी नावे मोबाइलमध्ये चढवली. समाजमाध्यमांनी आमच्या धंद्याला जे दिले ते मी नाकारणार नाही. पूर्वी माल आडत्याच्या हातून जाई आणि शेवटी चादर अंगावर कोण घेतो, हे आम्हाला कधी कळत नसे. आता मुलगा नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर उमटणाऱ्या मोराची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत टाकतो आणि संध्याकाळपर्यंत नागपूरहून विचारणा येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही भलत्याच गावचा माल आपल्या नावाने खपवला जातो; अशा वेळी आपला माग, आपला कारागीर थेट दाखवता येणे, ही आमच्यासाठी मोठीच गोष्ट आहे. पण ती चित्रफीत पाहायला माणूस आपणहून येतो. वहीतल्या माणसाच्या फोनमध्ये आम्ही न विचारता शिरतो. हा फरक माझ्या ध्यानात यायला बहिणीचा प्रसंग घडावा लागला, हे कबूल करतो.

हाती आलेली गोष्ट न विचारता पुढे ढकलण्याच्या सवयीची किंमत आपल्या जिल्ह्याने फार पूर्वीच मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले; त्यांतील बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे होते. मुले पळवली जात असल्याची ती अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अफवेला असा थोडा तरी लगाम बसला. दुसऱ्याचा क्रमांक, दुसऱ्याच्या लेकीचा फोटो, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेले कोणाचे आधार कार्ड पुढे सरकवण्याला मात्र आपल्या मनाखेरीज दुसरा लगाम नाही.

कायदा आहे, आणि तो छोट्या व्यापाऱ्याला वाटतो तितका लांबचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावले, की मोबाइल क्रमांक दिला नाही म्हणून बिल वा सेवा अडवून धरणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते, शिवाय ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे लागते. घरगुती वापराला यातून सूट आहे. परंतु विक्रीसाठी केलेली गिऱ्हाइकांची यादी ही काही घरगुती बाब नव्हे.

मोठ्या कंपन्या या बाबतीत आपल्याहून चांगल्या आहेत, असे मुळीच नाही. संदेशातील मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कोणाशी, केव्हा, कोणत्या फोनवरून बोलले, ही माहिती त्या कुलपाबाहेर राहते. व्हॉट्सॲपने 2021 मध्ये ‘मान्य करा, नाहीतर ॲप सोडा’ अशा धाटणीचे गोपनीयता धोरण आणले, त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला 213.14 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तरीही ‘नंबर सांगा, नाहीतर बिल निघणार नाही’ म्हणणारा आपला दुकानदार याहून निराळे काय करतो, असा प्रश्न मनात येतोच.

सोलापूरकरांनी या नव्या कायद्यातील एक तरतूद नीट पाहावी. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या शहरात एकाच चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते, आणि या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. विडी वळणारी, घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली समाजातली मावशी आज इंग्रजी मजकुराखालच्या चौकोनावर बोट टेकवते, ती संमती देते असे कोण म्हणेल? शहरातील व्यापारी संघटनांनी एकत्र बसून चार भाषांत चार-चार ओळींचा मजकूर तयार करावा: क्रमांक कशासाठी हवा, किती दिवस ठेवणार, नको असल्यास कोणाला सांगायचे, आणि तो न देताही बिल मिळेल. गल्ल्यावर ही पाटी लावायला फारसा खर्च येणार नाही. आपल्या दैनिकाने तो मजकूर छापला, तर आम्हा लहान व्यापाऱ्यांना तो कापून काचेवर चिकटवता येईल.

माझ्यापुरते सांगायचे तर वहीतील तीनशेच्या आसपास नावांना मुलाने एकेक संदेश पाठवून ‘आपले नाव यादीत राहू देऊ का?’ असे विचारले. निम्म्याहून अधिक लोकांनी उत्तर दिले नाही. ती नावे आम्ही काढून टाकली. काहींनी ‘राहू द्या’ म्हटले, काहींनी जरा कडक शब्दांत नकार कळवला. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र आवाजी संदेश पाठवला आणि तेलुगूतून अगदी अदबीने विचारले, की आपण कोण, आणि माझा नंबर आपल्याकडे आला कसा?

आपला,
पूर्व भागातील एक टॉवेल-चादर व्यापारी,
सोलापूर