डीजेचं नाव छापता, मग गाणाऱ्या बाईचं का नाही?

मा. संपादक,
नमस्कार. रविवारच्या पुरवणीत जॅझच्या रिमिक्स अल्बमांवरचा लेख वाचला. लेखकाने सरसकट सगळ्यांना झोडपून काढलंय, मशीनवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर जुनी रेकॉर्डिंगं कापून-जोडून नवी गाणी करणाऱ्या डीजेंनी, जॅझची वाट लावली म्हणे, ते काही पटलं नाही. ही कापाकापी मशीनवाल्यांनी सुरूच केलेली नाही हो. जॅझमधला ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा 1969 चा अल्बम 'इन अ सायलेंट वे' घ्या, त्याची दुसरी बाजू संपत येते तेव्हा सुरुवातीचाच भाग परत येतो, तो काही बँडने पुन्हा वाजवलेला नाहीये, प्रोड्युसर टिओ मॅसेरोने तीच टेप परत जोडलीय. म्हणजे ज्याला आपण मूळ मूळ म्हणतो तेच कात्री लावून झालेलं. पुढे 1998 मध्ये बिल लॅसवेल या प्रोड्युसरने माइल्सच्या 1969 ते 74 च्या टेप घेऊन 'पँथालासा' हा अल्बम केला आणि नंतर त्याचेही रिमिक्स निघाले, घ्या आता.

बाकी बिघडतं कुठे तर ठेक्यात. जॅझचा ड्रमर राइड सिम्बलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, जे वाजवतो ना त्यात दोन ठोके सारख्या अंतरावर नसतात, एक लांब एक आखूड, आणि लय वाढली की ते प्रमाणही बदलतं, सगळा स्विंग, म्हणजे तो डुलता ठेका, तिथे. ते उचलून सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, प्रत्येक ठोका ओढून ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या रेघांवर, सरळ बसवायचा आणि खाली धप् धप् धप् धप् मोठ्या ड्रमची किक लावायची, की सॅक्सोफोनवाला एकदम परका वाटायला लागतो. जाणकार माणूस ठेका जरा मागे रेंगाळू देतो, बेसला जागा ठेवतो, एकट्या वादकाचा सोलो ऐन रंगात आलेला असताना तोडत नाही. आणि सगळेच काही मेलेल्या माणसांच्या टेपवर हात मारत नाहीत, नॉर्वेच्या निल्स पेटर मोल्वेर या ट्रम्पेटवाल्याची स्वतःची गाणी इतरांनी रिमिक्स केलेला 'रीकलर्ड' 2001 मध्ये आलाच की, लेखात त्याचा पत्ताच नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीय. अख्ख्या लेखात डीजेंची नावं ठळक अक्षरात आणि मूळ वाजवणारे-गाणारे गायब! सेंट जर्मेन या फ्रेंच संगीतकाराच्या 2000 च्या 'टूरिस्ट' अल्बममधलं 'रोझ रूज' कित्येकांनी ऐकलंय, त्यात ज्या बाईंचा आवाज घुमतो त्या मार्लिना शॉ, स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोच्या 1973 च्या लाइव्ह कार्यक्रमातला तो तुकडा आहे, हे किती जणांना माहितीय? ॲपवर बघायला जावं तर गाण्याखाली बहुतेक वेळा एकच नाव. निदान पेपरने तरी परीक्षणाखाली दोन ओळीत मूळ कलाकार, कुठलं रेकॉर्डिंग, कुठलं साल एवढं द्यावं, मग रिमिक्सला काय शिव्या घालायच्यात त्या खुशाल घाला. जागा पुरत नसेल तर ते पाचपैकी अडीच स्टार वगैरे काढून टाका, कोणी विचारणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक