धाडी खव्यावर, विष पेंडीत: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सण जवळ आले की खवा-पनीरचे साठे नष्ट केल्याच्या बातम्या छायाचित्रांसह येतात. त्या कारवाईला आमचा विरोध नाही. पण ज्या विषाबद्दल केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच इशारा दिला होता, त्याचे पुढे काय झाले? 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी भेसळीचे निघाले 12. अफ्लाटॉक्सिन एम1, म्हणजे बुरशीच्या विषाचे दुधात उतरणारे रूप, मर्यादेपेक्षा जास्त असलेले निघाले 368, आणि त्यातले 227 प्रक्रिया केलेल्या दुधाचे होते. अहवाल ऑक्टोबर 2019 मध्ये जाहीर झाला. आज गावच्या संकलन केंद्रावर जाऊन पाहा: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ), फार तर पाणी आणि युरिया. अफ्लाटॉक्सिनचे नाव नाही.

हे विष दुधात कुणी ओतत नाही. ओलसर मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांवर बुरशी चढते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन बी1 तयार होते, ते गाईच्या पोटात जाते आणि यकृतात त्याचे एम1 होऊन दिवसभरात दुधात उतरते. साधा हिशेब करू. गाय रोज 5 किलो खाद्य खाते, त्यात किलोमागे 100 मायक्रोग्रॅम बी1 आहे. त्यातले 2 टक्के दुधात आले, तर 10 लिटर दुधात 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरला 1. आपली मर्यादा 0.5 आहे. युरोपची 0.05. आपल्या लेकरांना त्यांच्या दसपट चालते, हे कुणी ठरवले? उकळून हे जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. पनीर करताना केसीन या दुधातल्या प्रथिनाला चिकटून ते त्यात उतरते.

तपासणी अवघड आहे, हे कारण आता चालणार नाही. अँटिबॉडी (विषाला नेमके पकडणारे प्रथिन) जोडलेल्या सुवर्ण नॅनोकणांची पट्टी दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते. एम1 चा रेणू लहान, म्हणून ही पट्टी उलटी वाचावी लागते: विष जितके जास्त, तितकी तपासरेषा फिकी. फिकी म्हणजे किती, हे डोळ्यावर सोडले की वाद होतात. म्हणून युरोपियम हे मूलद्रव्य भरलेले, प्रकाश पडला की चमकणारे नॅनोकण आणि ती चमक मोजणारे छोटे यंत्र, म्हणजे वाचक, हवे. दुधातले रायबोफ्लेव्हिन (बी2 जीवनसत्त्व) स्वतःच हिरवट चमकते, पण ती चमक काही नॅनोसेकंदांत विझते. युरोपियमची 615 नॅनोमीटरची लाल चमक शेकडो मायक्रोसेकंद टिकते. वाचक क्षणभर थांबून मोजतो, त्यामुळे दुधाची चमक मधे येत नाही. तपासरेषा आणि नियंत्रणरेषा (पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेषा) यांचे गुणोत्तर आकड्यात मिळते आणि साठवता येते.

चुका होतात त्या वापरात. 4 अंश सेल्सिअसचे थंड दूध तसेच टाकले की अँटिबॉडी मंदावते. फाटलेले दूध पट्टीवर चढत नाही. पाकीट पावसाळी हवेत उघडे राहिले की पट्टी वाया. नवी बॅच आली आणि तिचा कोड वाचकात भरला नाही, तर आकडा खोटा येतो. रोज सकाळी एक विषमुक्त आणि एक ठरावीक एम1 घातलेला नमुना चालवून मगच काम सुरू करायला हवे. खरेदीच्या निविदेत यंत्र असते, हे नमुने आणि प्रशिक्षण नसते. मग सहा महिन्यांत यंत्र कपाटात.

अतिनील टॉर्च वाटून तर मुळीच मोकळे होऊ नका. 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मक्याचा दाणा हिरवट-पिवळा चमकतो, तो बुरशीच्या कोजिक आम्लामुळे, अफ्लाटॉक्सिनमुळे नव्हे. तो संशय आहे, मोजमाप नाही. दुधातले 0.5 तर टॉर्चखाली दिसणारच नाही.

झटपट चाचणीपुढची पायरी ठरलेली नसली की काय होते, ते जुलै 2018 मध्ये गोव्याने पाहिले. मडगावच्या मासळी बाजारात झटपट किटने माशांत फॉर्मेलिन हे घातक रसायन दाखवले, त्याच दिवशी तिथल्या अन्न व औषध खात्याने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगितले, आणि लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडाला.

कायदाही दुधाच्या चालीने चालत नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस आहेत. तोवर दूध पिऊन झालेले असते. पट्टीवर खटला भरा असे आम्ही म्हणत नाही, खटल्याला एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली नेमकी चाचणीच हवी. पण पट्टीवर टँकर रोखण्याचा आणि नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवण्याचा लेखी नियम हवा, आणि रोखण्याची रेषा 0.5 वर नव्हे, 0.3 वर हवी, म्हणजे यंत्राच्या चुकीने विषारी टँकर सुटणार नाही.

महोदय, दूध तुमच्याकडे, पेंड पशुसंवर्धनाकडे, दाण्याची साठवण पणनकडे. तीन खात्यांच्या फटीतून हे विष घराघरांत जाते आणि जबाबदार कुणीच नसतो. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे गेली. त्या मृत्यूंची नोंद झाली. रोज थोडे थोडे विष पिऊन पुढे यकृताचा कर्करोग झालेल्याची नोंद कुठल्या खात्यात करणार?

वाचक बसवाल तेव्हा सगळा भार गोठ्यावर टाकू नका. ज्याचे दूध नाकारले, त्याच्या पेंडीचा नमुना त्याच दिवशी घ्या. पोत्याच्या एका कोपऱ्यातून मूठभर नको. विष मोजक्या ढेकळांत असते, म्हणून अनेक पोत्यांतून काढा, सगळे एकत्र दळा, मग तपासा. पेंड नापास झाली तर भरपाई तिच्या कारखान्याकडून वसूल व्हावी. खाद्य बदलले की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा शुद्ध होते. तेवढ्या दिवसांचे पैसे शेतकऱ्याला कोण देणार, ते आम्हाला लेखी कळवा.

आपले,
अन्न-तपासणीच्या क्षेत्रातले काही रसायनतज्ज्ञ