उंच उड्यांचे व्हिडिओ आणि आपली पोरं

संपादक महोदय,

2015 मध्ये स्वित्झर्लंडला लासो शालर नावाच्या साहसी खेळाडूने 58.8 मीटरवरून पाण्यात उडी मारली आणि वाचला, असले व्हिडिओ बघून आपली पोरं पावसाळ्यात धबधब्यावर नाहीतर खाणीच्या पाण्यात उड्या टाकतात, जीव कासावीस होतो हो. त्याचा स्पीड ताशी 123 किलोमीटर होता, पाय खाली, अंग ताठ, तरी खुब्याला दुखापत झालीच. 27 मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारायच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येही कसलेले डायव्हर पायांवरच उतरतात आणि पाण्यात सेफ्टी डायव्हर थांबलेले असतात. एवढ्या वेगात पाण्याला बाजूला सरायला वेळच मिळत नाही, पाठ किंवा पोट आपटलं की बरगड्या मोडून फुप्फुसात घुसू शकतात. खाणीत तर गढूळ पाण्याखालचा दगडही दिसत नाही. ग्रामपंचायतींनी नुसती पाटी लावू नये, सुट्टीच्या दिवशी तिथे माणूस उभा करावा.

– एक पालक