गुलबक्षीची तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सडके कंद आणि त्यावरचं तुमचं उत्तर

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहे. सांगून सांगून मला तोंडपाठ झालाय.

पांढऱ्या गुलबक्षीचे तीन कंद मागवले होते. (गुलबक्षी विकत घेतली म्हणून सासूबाई अजून हसतायत. कुणाच्याही परसात फुकट उगवते ती, पण आमच्या आसपास सगळी राणीच. पांढरी नाही.) सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि गच्चीवर दिवसभर ऊन. 'कमी पाणी, भरपूर ऊन, वर्षानुवर्षे फुले, सायंकाळी सुगंध' ही तुमची जाहिरात खोटी नाही. वरचं सगळं वाळलं तरी गुलबक्षीचा कंद जमिनीत तग धरतो आणि पावसाला पुन्हा फुटतो. मग असला कंद ओल्याचिंब कोकोपीटमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून पाठवायची अक्कल कोणाची? दोन कंद पिशवीतच सडले. उघडल्याबरोबर वास सुटला, त्यासाठी सायंकाळची वाट पाहावी लागली नाही.

तिसरा जगला. त्याचा फुलांसकट फोटो पाठवल्याशिवाय सडलेल्या दोघांचे पैसे मिळणार नाहीत, हा तुमचा नियम. फोटो पाठवला. आजचं बोलणं असं:

"मॅडम, फुलं कोमेजलीत. तुम्ही पाणी घालत नाही."

"सकाळी अकराचा फोटो आहे. मिटलीयेत ती. चारनंतर उमलतात."

"रोप सावलीत घ्या आणि दोन वेळा पाणी द्या."

"अहो, चारनंतर उमलतात हे तुमच्याच पाकिटावर छापलंय!"

"मग उमललेल्या फुलाचा फोटो पाठवा ना."

"काल संध्याकाळी सहाचा पाठवलाय."

"तो चालणार नाही मॅडम. कामकाजाच्या वेळेतला हवा. दहा ते चार."

मी गप्पच झाले. त्यावर त्याने विचारलं, "याआधी कधी झाडं लावलीयेत का?" फोन ठेवला आणि मेसेज आला: 'ग्राहकाच्या दुर्लक्षामुळे नुकसान. तक्रार बंद.'

अंधार पडला की माझ्या गच्चीवर पतंग येतात. गुलबक्षी कधी उमलते ते त्यांना न चुकता कळतं. तुमच्याकडे जागा रिकामी असेल तर पाठवून देते.

पुन्हा सांगते, दोन कंद पिशवीतच सडले होते. मी पाण्याचा थेंबही घालण्याआधी. यात माझं दुर्लक्ष कुठे आलं?

आठ दिवसांत दोन कंदांचे पैसे परत हवेत आणि ती 'दुर्लक्षा'ची नोंद खोडलेली हवी. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाईन, तिथून जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, तेव्हा हेलपाटे तुमच्या माणसाला पडतील. सोलापूरच्या मे महिन्यात.

आणि बदली कंद अजिबात पाठवू नका. जगलेल्या रोपाला मिऱ्यासारखं काळं बी धरलंय, पुढच्या वर्षी मला तुमची गरज नाही. पैसे पाठवा.

एक ग्राहक,
सोलापूर